उन्हाची अ‍ॅलर्जी आणि किनाऱ्यावरचा प्रकाश

पावसाळा सरून भातकापणी सुरू झाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गात काही जणांच्या मानेवर, गळ्याखाली आणि हातांवर बारीक, खाजरे पुरळ उठते. ‘अंगात उष्णता झाली’ असे समजून घरात कोकमाचे सरबत दिले जाते. सरबताने तहान भागते, पण पुरळाचे कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांत असते.

या विकाराला ‘पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन’ म्हणतात. अतिनील किरणांमुळे त्वचेतील काही रेणू बदलतात. निरोगी त्वचेत हेच किरण तेथील प्रतिकारशक्तीला काही काळ शांत ठेवतात, त्यामुळे बदललेल्या रेणूंकडे दुर्लक्ष होते. या रुग्णांत ते शांत होणे अपुरे पडते आणि प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते, असे मानले जाते. पुरळ काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उठत असल्याने उन्हाचा संबंध सहसा लक्षात येत नाही. रोज ऊन लागत राहिले की त्वचा हळूहळू सरावते, म्हणूनच चेहरा अनेकदा वाचतो. आणि ढगाळ महिन्यांत हा सराव मोडला की पुन्हा त्रास सुरू होतो.

किनाऱ्यावर फसगत अधिक होते. खारा वारा अंग गार ठेवतो, पण किरण अडवत नाही. ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या ‘यूव्हीए’ या अतिनील लहरी विरळ ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, तर लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परावर्तित करतो, त्यामुळे मासळी वाळवणाऱ्या बाईच्या डोक्यावर पदर असला तरी चेहऱ्यावर खालून किरण येतातच.

‘क्रॉनिक अ‍ॅक्टिनिक डर्मटायटिस’ हा याहून चिवट प्रकार मुख्यतः पन्नाशीपुढच्या पुरुषांत दिसतो. उघडी त्वचा जाड व काळपट होते. कानामागचा आणि हनुवटीखालचा सावलीतला भाग मात्र बहुधा स्वच्छ राहतो. यांतील अनेकांना गाजरगवताचीही अ‍ॅलर्जी असते.

पूर्ण बाह्यांचे, घट्ट विणीचे कोरडे कपडे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. सनस्क्रीनवरील ‘एसपीएफ’ हा आकडा प्रामुख्याने ‘यूव्हीबी’ या आखूड लहरींच्या अतिनील किरणांपुरता असतो, म्हणून ‘यूव्हीए’पासूनही रक्षण करणारे सनस्क्रीन निवडावे. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम महिनोन्‌महिने चोळणे मला सर्वांत घातक वाटते, कारण त्याने त्वचा पातळ होते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक किंवा रक्तदाबावरचे हायड्रोक्लोरोथायझाइड घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे, कारण या औषधांनी त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होऊ शकते. गालांवरच्या लालीसोबत सांधेदुखी किंवा ताप असेल, तर ल्युपसची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराची, तपासणी लांबवू नये.