डेअरीसाठी अनुदान : अर्ज भरण्याआधी वाचा

छोट्या डेअरीचा पसारा वाढवायचा आहे, नुसत्या दुधाऐवजी दही, तूप, चीज विकायचे आहे, त्यासाठी अनुदान मिळेल का, अशी विचारणा आमच्याकडे सतत होते. मिळते. पण बहुतेक योजनांत पैसे आधी हातात येत नाहीत. मंजुरी मिळाल्यावर खर्च तुम्ही करायचा, बिले आणि पैसे भरल्याचे पुरावे द्यायचे, तपासणी व्हायची आणि मगच ठरलेला हिस्सा खात्यात जमा होतो. तोवर दूध उत्पादकांची बिले, पगार, वीज काही थांबत नाही. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो : तुमचा स्वतःचा हिस्सा आणि मधल्या काळाचे खेळते भांडवल कुठून येणार? त्याची सोय होईपर्यंत अर्ज थांबवलेला बरा.

मंजुरीच्या आधी दिलेली ऑर्डर किंवा भरलेली आगाऊ रक्कम सहसा धरली जात नाही. यंत्र स्वस्तात मिळतेय म्हणून घाई करू नका.

माल आधी ठरवा, यंत्र नंतर

चीजचेच बघा. 100 लिटर दुधातून साधारण 10 किलो चीज मिळते आणि जवळपास 90 लिटर निवळी, म्हणजे व्हे, उरते. अर्जात चीजचा दर, गिऱ्हाईक, पॅकिंग सगळे असते. निवळीचा उल्लेखच नसतो. छाननी करणारे नेमके तिथे बोट ठेवतात आणि त्यांचे बरोबरच आहे. दुधातली बहुतेक साखर निवळीत उतरते. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू इतका ओढते की घरगुती सांडपाण्याशी तुलना केली तर तिचा भार शंभरपटीच्या घरात जातो. गटारात किंवा ओढ्यात ती सोडून चालणार नाही. जनावरांच्या खाद्यात घालणार, पेय करणार की बायोगॅसला देणार, हे टाकीच्या मापासकट आराखड्यात यायला हवे. काही योजनांत सांडपाणी आणि वीजबचतीच्या यंत्रणेचा खर्चही बसतो. तो मागायला विसरू नका.

मालानुसार पैसा किती काळ अडकतो, हेही पाहा. ताजे चीज काही दिवसांत विकले जाते. मुरवलेले चीज महिनोन्‌महिने थंड खोलीत पडून असते, आणि त्याच्या दुधाचे पैसे मात्र तुम्ही केव्हाच दिलेले असतात.

पाश्चरायझर, म्हणजे दूध तापवून त्यातले जंतू मारणारे यंत्र, निवडतानाही आधी मालाचाच विचार. दूध 63 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे ठेवणारी टाकी असो, की 72 अंशांना 15 सेकंदांत काम करणारे सलग चालणारे यंत्र, पाश्चरीकरण दोन्हींत होते. दूध थोडे आणि प्रकार दोन-तीन असतील तर आमच्या मते टाकीच बरी. अनुदान आहे म्हणून मोठे यंत्र घेतले तर ते निम्मा वेळ बंद राहते, पण धुलाईला पाणी आणि रसायने पूर्ण खातेच.

अनुदानातले यंत्र ठरावीक मुदतीपर्यंत विकता किंवा हलवता येत नाही, अशी अटही बहुधा असते. करारावर सही करण्याआधी ती मुदत नीट वाचा.

आम्ही काय करतो

प्रकल्प अहवाल, यंत्रांची मापे, एकाच तपशिलावर मागवलेली कोटेशन्स आणि मंजुरीनंतर बिलांची फाइल, एवढे काम आम्ही करतो. फी आधी ठरते. मंजूर रकमेवर टक्केवारी घेत नाही, फुगवलेले कोटेशन लावत नाही आणि मंजुरीची हमी देत नाही. ती हमी कोणीच देऊ शकत नाही; देणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

पहिल्या भेटीला गेल्या 12 महिन्यांचे संकलन रजिस्टर, फॅट-एसएनएफच्या (दुधातली चरबी आणि चरबी सोडून उरलेले घन घटक) नोंदी, विक्रीची बिले, बँकेचे स्टेटमेंट आणि परवान्याची प्रत आणा. रजिस्टर वहीतले असले तरी चालेल. पुष्टकाळातले (दूध भरपूर येते तेव्हाचे) आणि कृशकाळातले (दूध कमी येते तेव्हाचे) दूध किती, हे आम्हाला त्यातच दिसते. यंत्राची क्षमता आम्ही कृशकाळाकडे बघून सुचवतो. पुष्टकाळात तेच यंत्र जास्त तास चालवता येते.