काउंटरवर जाण्याआधी नाणे पाण्यात बुडवा

चांदीची जुनी नाणी पॉन शॉपमध्ये, म्हणजे वस्तू तारण ठेवून घेणाऱ्या किंवा विकत घेणाऱ्या दुकानात, विकायला नेली की काउंटरच्या पलीकडे तराजू असतो, टंच (धातूची शुद्धता) मोजणारे यंत्र असते आणि त्या क्षणाचा बाजारभाव असतो. अलीकडे असते ती फक्त पैशाची गरज. भाव पडतो तो इथेच, आणि दर वेळी दुकानदार लबाड असतो म्हणून नव्हे. आपल्या नाण्यात चांदी किती हेच ठाऊक नसेल, तर समोरून आलेला आकडा रास्त की कमी हे कळणार कसे? हा हिशेब घरी करता येतो आणि प्रत्येक विकणाऱ्याने तो करूनच घराबाहेर पडावे, असे मला मनापासून वाटते.

हिशेब साधा आहे: नाण्याचे वजन गुणिले टंच गुणिले भाव. जागतिक बाजारात चांदीचा भाव ट्रॉय औंसाला सांगतात. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, किराणा मालाचा औंस मात्र २८.३५ ग्रॅमचा. अमेरिकेचा जुना मॉर्गन डॉलर घ्या. त्याचे वजन २६.७३ ग्रॅम आणि त्यात चांदी ९० टक्के. म्हणजे शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम, साधारण ०.७७३ ट्रॉय औंस. त्या दिवसाच्या भावाने याला गुणले की मोडीची, म्हणजे नुसत्या धातूची, किंमत आली. नाणे खूप वापरलेले असेल तर झिजून थोडे हलके झालेले असते, म्हणून पुस्तकातले वजन धरू नका, प्रत्यक्ष वजन करा. आणि दुकानातल्या तराजूचे एकक जरूर पाहा. काही तराजू पेनीवेटमध्ये मोजतात. एक पेनीवेट १.५५५ ग्रॅमचा असतो. वजन पेनीवेटमध्ये आणि भाव ग्रॅमचा लावला, तर विकणाऱ्याचे एक तृतीयांशाहून जास्त पैसे जागच्या जागी जातात.

टंच बहुतेक वेळा नाण्यावरचे सालच सांगते. अमेरिकेचे डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे होते. हाफ डॉलर पुढे १९७० पर्यंत ४० टक्क्यांवर राहिला. ब्रिटनने १९२० मध्ये ९२.५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर उडी मारली आणि १९४७ मध्ये चांदी सोडूनच दिली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या ११.६६ ग्रॅमच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी असे. १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली. दिसायला सारखीच असलेली दोन नाणी एकाच ढिगात टाकून विकली की चांगले नाणे हलक्याच्या भावाने जाते.

नाणे खरेच चांदीचे आहे का हे तपासायला आता पाण्याकडे येऊ. चांदीची घनता १०.४९ आहे, म्हणजे एका घन सेंटिमीटरचे वजन साडेदहा ग्रॅमच्या आसपास. तांब्याची ८.९६. त्यामुळे ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबे यांच्या मिश्रधातूची घनता १०.३ च्या जवळ येते. ती तपासायला ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा पुरतो. आधी नाणे कोरडे तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे लटकवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल, तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरडे वजन या आकड्याने भागले की घनता मिळते. खऱ्या मॉर्गन डॉलरला काटा २.५९ च्या आसपास थांबतो. तेवढ्याच वजनाचे तांबे-निकेलचे नाणे २.९९ दाखवते. फरक चार दशांश ग्रॅमचा, पण काट्यावर तो स्पष्ट दिसतो. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकते, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा. नंतर नाणे स्वच्छ पाण्यातून काढून मऊ कापडावर नुसते टिपावे. घासू नये.

एकटी घनता मात्र फसवू शकते. शिसे जड आणि कथील हलके. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर घनता बरोबर १०.३ वर आणता येते, आणि वर चांदीचा मुलामा दिला की काम झाले. इथे चांदीचा दुसरा गुण उपयोगी पडतो. सगळ्या धातूंमध्ये चांदी ही विजेची सर्वोत्तम वाहक आहे. नाणे तिरके धरून त्यावर पातळ कागद ठेवा, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत, आणि निओडिमियमचे छोटे चुंबक त्यावरून घसरू द्या. चांदीला चुंबक चिकटत नाही, पण सरकत्या चुंबकामुळे तिच्यात भोवरा प्रवाह (विजेचे गोल फिरणारे प्रवाह) निर्माण होतात आणि ते चुंबकाला मागे खेचतात. चुंबक रेंगाळत खाली येते. शिसे-कथील किंवा तांबे-निकेलवर ते सर्रकन घसरते. तांब्यावर ते रेंगाळते खरे, पण तांबे पाण्याच्या परीक्षेत नापास झालेले असते. म्हणजे एका परीक्षेतून सुटलेले बहुतेक नकली नाणे दुसरीत सापडते.

दुकानातले यंत्र बहुधा क्ष-किरणांचे असते. ते नाण्यातल्या अणूंना उत्तेजित करते आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत देते. निकाल काही सेकंदांत मिळतो आणि नाण्याला इजा होत नाही. पण हे किरण चांदीतून परत येतात ते मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी खोलीवरून. जाड मुलाम्याचे नाणे त्याला शुद्ध वाटू शकते. म्हणून सावध दुकानदार यंत्राचा आकडा पाहूनही मनात थोडी शंका धरतो आणि ती शंका भावातून वसूल करतो. वजन, घनता, साल आणि टंच लिहिलेला कागद पुढे ठेवला तर त्या शंकेला आधार उरत नाही.

तरीही मोडीची पूर्ण किंमत पॉन शॉपमध्ये मिळणार नाही, आणि ते समजून घ्यायला हवे. नाणी वितळवून शुद्ध करण्याचा खर्च आहे, विक्री होईपर्यंत भाव घसरण्याचा धोका आहे. सोने शुद्ध करण्याचा खर्च त्याच्या किमतीपुढे क्षुल्लक ठरतो. चांदी ग्रॅममागे कितीतरी स्वस्त, त्यामुळे तोच खर्च तिला जड जातो आणि कपातही जास्त होते. म्हणून दुकानदाराला ‘किती द्याल?’ असे विचारण्यापेक्षा ‘आजच्या मोडीच्या किमतीच्या किती टक्के द्याल?’ असे विचारावे. हा एकच प्रश्न तीन-चार दुकानांत विचारला की आकड्यांची सरळ तुलना होते.

काळवंडलेले नाणे चकचकीत करण्याचा मोह आवरा. तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो, हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे साचलेला, आणि इतका पातळ की वजनात त्याचा हिशेबही लागत नाही. पॉलिशने मात्र धातूच खरवडला जातो. टांकसाळीत ठसा उमटताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उठतात. नाणे प्रकाशात फिरवले की चमकेचे पट्टे गोल फिरतात ते या रेषांमुळे. संग्राहक त्या चमकेचे पैसे मोजतो. एकदा घासल्यावर ती परत आणता येत नाही.

दुर्मीळ सालाची किंवा टांकसाळीची खूण असलेली, फारशी न झिजलेली नाणी म्हणूनच वेगळी काढावीत. अशा नाण्यांची किंमत त्यांतल्या चांदीच्या कितीतरी पट असू शकते, आणि मोडीच्या हिशेबाने खरेदी करणाऱ्या दुकानात ती मिळत नाही. त्यासाठी नाण्यांचा जाणकार व्यापारी गाठावा. पॉन शॉपमध्ये न्यायची ती साधी, झिजलेली नाणी.