परवापर्यंत गाढ झोपायची, आता रात्री दोनला भोंगा

आमच्या लेकीने आठव्या महिन्यात अचानक रात्री उठून रडायला सुरुवात केली तेव्हा घरात चार थिअऱ्या तयार झाल्या. माझी आई म्हणाली दात येतायत, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या पोट भरत नसेल, झोपताना वाटीभर नाचणीसत्व घाला, आणि नवरा मोबाईलवर वाचून म्हणाला हे स्लीप रिग्रेशन आहे, म्हणजे नीट झोपणाऱ्या बाळाची झोप अचानक परत बिघडणं. त्याआधीचे दोन महिने ती दहाला झोपली की एकदम पाचला दुधासाठी उठायची आणि ही गोष्ट मी ऑफिसात जरा जास्तच मिरवली होती, त्यामुळे खरं सांगते, दृष्टीची थिअरी मलाही थोडी थोडी पटायला लागली होती.

मग रात्री तिला खांद्यावर टाकून एका हाताने वाचत बसायचे. पहिली गोष्ट कळली ती ही की पोरगी रात्री उठायला आत्ता लागलेली नाहीच, ती आधीपासून रोजच उठत होती.

१९७०च्या दशकात अमेरिकेत थॉमस अँडर्स नावाच्या डॉक्टरांनी बाळांच्या घरीच, पाळण्यापाशी कॅमेरा लावून रात्रभराचं शूटिंग केलं. त्यात दिसलं की ज्यांचे आईबाप छातीठोकपणे "आमचं रात्रभर झोपतं" सांगत होते ती बाळंसुद्धा मध्येच जागी होतायत, इकडेतिकडे बघतायत, बोटं चोखतायत आणि परत झोपतायत. फरक जागं होण्यात नव्हता, हाक मारण्यात होता. काही बाळं जागी झाली की रडून कोणाला तरी बोलावतात, काही नाही बोलावत, आणि तेच बाळ एका महिन्यात या गटात तर पुढच्या महिन्यात त्या गटात असू शकतं. म्हणजे डोकं खाजवायचं ते ही का उठते यावर नाही, आत्ताच हाक का मारायला लागली यावर.

उठण्याचं कारण तसं साधं आहे. झोप ही एकसलग नसते, चक्रांची असते. आपलं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं आणि प्रत्येक चक्राच्या शेवटी आपणही जागे होतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो, सकाळी काही आठवत नाही. बाळाचं चक्र ५० ते ६० मिनिटांचं, म्हणजे रात्रीत उठायचे प्रसंगच जास्त. गंमत म्हणजे झोपेतल्या ज्या अवस्थेला आपण आरईएम म्हणतो, ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, तिच्या शोधाची सुरुवातसुद्धा बाळांपासूनच झाली. शिकागो विद्यापीठात नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी त्यांच्या विद्यार्थ्याला, युजीन असेरिन्स्कीला, झोपणाऱ्या बाळांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचं काम दिलं, बिचारा तासन्‌तास तेच करत बसला, आणि १९५३ साली दोघांनी मोठ्या माणसांमधली ही अवस्था जगासमोर मांडली.

नवजात बाळाची जवळजवळ अर्धी झोप या चुळबुळ्या प्रकारची असते. त्यात ते कण्हतं, तोंडं वाकडी करतं, हातपाय झाडतं, कधी कधी डोळे मिटूनच रडल्यासारखं करतं. आणि आपण काय करतो, झेप घेऊन उचलतो, म्हणजे झोपलेल्या बाळाला आपणच जागं करतो (मी हे कमीत कमी पन्नास वेळा केलंय). अर्धा-एक मिनिट नुसतं बघत थांबायचं, डोळे उघडे आहेत का ते बघायचं, बऱ्याचदा आपोआप विरतं.

आता अचानक बदल कधी येतो ते बघू. पहिला धक्का बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बसतो. जन्मल्यावर बाळ डोळा लागला की थेट त्या चुळबुळ्या झोपेत शिरतं, तीन महिन्यांच्या आसपास ते आपल्यासारखं आधी शांत झोपेत जायला लागतं, मेंदूत झोपेचे वेगवेगळे टप्पे तयार होतात, शरीराचं घड्याळ लागतं आणि मेलाटोनिन हे अंधाराचं हार्मोन रात्री ठरल्या वेळी तयार व्हायला लागतं. तोपर्यंत ते आईच्या रात्रीच्या दुधातून थोडंफार मिळत असतं, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसतंच. तर एवढी सगळी वायरिंग बदलत असताना रात्री दिवे मधूनमधून लुकलुकणारच.

दुसरा धक्का आठ-नऊ महिन्यांचा, आमचा हाच होता. या वयात बाळाला कळायला लागतं की दिसेनाशी झालेली वस्तू संपलेली नसते, कुठेतरी असते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे टॉवेलखाली खेळणी लपवून वगैरे तपासलं होतं. चार महिन्यांच्या बाळासाठी आई खोलीबाहेर गेली की विषय संपला, आठ महिन्यांच्या बाळाला माहीत असतं की आई कुठेतरी आहे आणि इथे नाहीये, मग ते बोलावणार नाही तर काय करणार. त्यातच मी त्याच महिन्यात ऑफिस परत जॉइन केलेलं.

शिवाय रांगणं. इस्रायलमध्ये हैफा विद्यापीठाच्या अनात शेर यांनी बाळांच्या झोपेचा आणि रांगण्याचा माग ठेवला तेव्हा दिसलं की रांगायला लागायच्या सुमाराला रात्रीचं उठणं वाढतं. आमच्याकडे तर पुरावाच होता. एकदा रात्री दोनला बघते तर ही बया अंथरुणात गुडघ्या-हातांवर उभी, डोळे अर्धे मिटलेले, आणि पुढे-मागे झुलतेय. दिवसभर जे जमत नव्हतं त्याची प्रॅक्टिस चालली होती, आणि त्या अवस्थेतून परत आडवं कसं व्हायचं ते माहीत नव्हतं म्हणून रडू.

नवऱ्याची रिग्रेशनची थिअरी म्हणजे हेच सगळं, फक्त नाव चुकीचं. हा शब्द पालकांच्या गप्पांमधून आलाय, कुठल्या आजाराचं नाव नाहीये.

पण सगळं विकासाच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका. मी माझ्यापुरता एक प्रश्न ठरवलाय, गेल्या पंधरा दिवसांत काय बदललं? सर्दी झाली का, गावाला जाऊन आलो का, लस दिली का, झोपायची जागा बदलली का. सर्दीनंतर कान दुखत असेल तर बाळ दिवसा बरं असतं आणि आडवं केलं की किंचाळतं, कारण आडवं झाल्यावर कानातला दाब वाढतो. अंगठे आणि बोटंही बघा, खरंच बघा, कधी कधी आईचा गळलेला केस मोज्यात जाऊन बोटाला आवळून बसतो आणि बोट लाल-निळं होतं, असं असेल तर घरी खटपट करत न बसता लगेच डॉक्टरकडे. आणि एक रडणं ओळखून ठेवायचं, बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतं, मग थोडा वेळ एकदम शांत, पंधरा-वीस मिनिटांनी परत तेच, सोबत उलट्या, नंतर शीमध्ये रक्त मिसळलेली जेलीसारखी शेम. हे आतड्यात आतडं शिरल्याचं लक्षण असू शकतं आणि हे सहा-सात महिन्यांच्या आसपास जास्त दिसतं, सकाळची वाट बघायची नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा वर ताप असेल तरी त्याच रात्री निघायचं.

आईची दाताची थिअरी अर्धी बरोबर. हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, चिडचिड होते, अंग किंचित कोमट लागतं. पण दातांमुळे खरा ताप येत नाही आणि जुलाबही होत नाहीत. आपल्याकडे जुलाब लागले तरी "दातांचे आहेत" म्हणून चार दिवस काढतात ते धोक्याचं आहे, त्या वयात बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं म्हणून जुलाब होतात. हिरड्यांना लावायच्या बधिर करणाऱ्या जेलपासून लांब राहा, बेंझोकेन असलेल्या जेलबद्दल अमेरिकेच्या एफडीएनेच, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेनेच, २०११ आणि परत २०१८ मध्ये सावध केलंय, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद त्याने घटू शकते.

काकूंची नाचणीची थिअरी सुद्धा अगदीच उडवून लावता येत नाही. ब्रिटनमध्ये १३०० बाळांवर एक मोठा प्रयोग झाला, त्यात अर्ध्यांना तीन महिन्यांपासूनच वरचं अन्न सुरू केलं. २०१८ मध्ये निकाल आला, सहाव्या महिन्याला त्या बाळांची रात्रीची झोप जास्तीत जास्त १६-१७ मिनिटांनी जास्त. सोळा मिनिटं! त्यासाठी सहा महिने फक्त अंगावरचं दूध हा नियम मोडायचा का, मी तरी नाही मोडणार. पण सहा महिन्यांनंतर वरचं खाणं नीट चालू आहे ना, त्यात लोह आहे ना, हे बघण्यासारखं आहे, कारण जन्मतः मिळालेला लोहाचा साठा तेव्हा संपत येतो, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते ५९ महिन्यांच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी निघालंय, आणि लोह कमी असलेल्या मुलांची झोप चाळवलेली असते.

झोपेसाठी काही चाटवायचं का? नाही. जायफळ उगाळून द्या असं मलाही सांगितलं गेलं, पण सहाणेवर किती वळसे म्हणजे किती डोस हे कोणालाच सांगता येत नाही आणि जायफळातलं मिरिस्टिसिन थेट मेंदूवर काम करतं. एक वर्षाच्या आत मध तर अजिबातच नाही, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार, होऊ शकतो. सर्दीचं सिरप "गुंगी येते" म्हणून देणारे पण आहेत. आपल्याकडे याचा इतिहास जुना आहे, शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका पाळीवर जाताना तान्ह्या बाळाला अफूची बाळागोळी देऊन जायच्या, १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत याची नोंद आहे. त्या बायकांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, पाळणाघर नव्हतं, पाळी चुकवली तर मजुरी बुडायची.

मग करायचं काय. मला सगळ्यात उपयोगी पडला तो जपानमधल्या रिकेन संस्थेच्या कुमी कुरोदा यांच्या गटाचा २०२२ चा अभ्यास. २१ आया आणि त्यांची सात महिन्यांपर्यंतची बाळं घेऊन त्यांनी बघितलं की रडणारं बाळ कशाने शांत होतं. नुसतं मांडीवर घेऊन बसल्याने होत नाही. कडेवर घेऊन सपाट जागी एका लयीत पाच मिनिटं चाललं की सगळी बाळं रडायची थांबली आणि जवळपास निम्मी झोपली. आता खरी मेख, खाली ठेवल्यावर एक तृतीयांशहून जास्त बाळं वीस सेकंदांत परत जागी. हृदयाचे ठोके मोजत होते म्हणून कळलं की पाठ गादीला टेकल्यामुळे ती उठत नाहीत, आपलं अंग त्यांच्या अंगापासून सुटायला लागतं त्या क्षणी ठोके वाढतात. म्हणून झोपल्यावर अजून पाच ते आठ मिनिटं शांत बसून राहायचं, झोप गाढ होऊ द्यायची, मग ठेवायचं. मी आधी डोळे मिटले की लगेच बॉम्ब ठेवल्यासारखी अलगद ठेवायचे, तिथेच चुकत होतं. माझी लेक त्या अभ्यासातल्या बाळांपेक्षा महिनाभराने मोठी, पण दहातल्या सहा-सात वेळा तरी जमलं.

बाकी रात्री दिवा लावायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, मोबाईल तोंडासमोर नाही. रांगायची हौस दिवसा भरपूर भागवायची. पदराआडून बुवाऽ कुक खेळायचं, त्यात गेलेली आई परत येते हे बाळ शंभर वेळा बघतं.

झोपायच्या आधी रोज तेच तेच त्याच क्रमाने करणं हेही चालतं. २००९ मध्ये ४०५ आया-मुलांवर झालेल्या अभ्यासात आंघोळ, मालीश, मग शांत वेळ आणि दिवा बंद एवढ्यावर दोन आठवड्यांत रात्रीचं उठणं कमी झालं होतं. आपली मालीश-आंघोळ-धुरी सकाळी असते, हरकत नाही, संध्याकाळी कोमट पाण्याने नुसतं अंग पुसून पायांना तेल लावलं तरी तो इशारा होतो.

बाळाला संध्याकाळी सातला वेगळ्या खोलीत ठेवून दार लावा हा सल्ला मात्र आपल्या घरांसाठी लिहिलेलाच नाही. १७ देशांतल्या २९ हजार बाळांच्या एका पाहणीत न्यूझीलंडची बाळं सरासरी साडेसातला झोपत होती आणि हाँगकाँगची सव्वादहाला. आमच्याकडे बाबा लोकलने साडेनऊला घरी पोचतो, त्यानंतर अर्धा तास बापलेकीचा धिंगाणा, मग कसली सातची झोप. रडत ठेवून स्वतः झोपायला शिकवण्याच्या पद्धतींवर ऑस्ट्रेलियात पाच वर्षांनंतर मुलं परत तपासली, ना नुकसान सापडलं ना कायमचा फायदा. वन रूम किचनमध्ये तर तो प्रश्नच येत नाही, पंधराव्या मिनिटाला शेजारी बेल वाजवतात. पाठीवर झोपवायचं, डोक्यापाशी मोहरीची उशी आणि अंगावर जड गोधडी नको, हे मात्र कुठल्याही घरात पाळता येतं. पाठीवर झोपवा ही मोहीम अमेरिकेत १९९४ ला सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढे निम्म्याहून खाली आलं.

रात्री फारच वैताग आला की मी हार्वर्डच्या डेव्हिड हेग यांची एक कल्पना आठवते. २०१४ मध्ये त्यांनी मांडलं की बाळ रात्री उठून अंगावर पितं त्यामुळे आईची पाळी लांबते, म्हणजे पुढचं भावंड उशिरा येतं, म्हणजे दुधात वाटेकरी नाही. सिद्ध झालेलं नाही, पण पहाटे तीनला ही पोरगी माझ्याकडे ज्या नजरेने बघते ती बघून मला शंभर टक्के खरं वाटतं. आणि कॅनडातल्या ३८८ बाळांच्या अभ्यासाचा निकाल मी फ्रीजवरच चिकटवलाय, सहा महिन्यांच्या ३८ टक्के बाळांना सलग सहा तास झोप लागत नव्हती, वर्षाच्या २८ टक्के बाळांनाही नाही, आणि त्यांच्या वाढीत काही कमी नव्हतं.

आमचा तो फेरा साधारण तीन आठवडे चालला. रांगणं पक्कं झालं आणि रात्रीचा भोंगा एकदा उठण्यावर आला. आता ती अकरा महिन्यांची आहे आणि कालपासून नवीन सुरू झालंय, रात्री कॉटचा कठडा धरून उभी राहते, खाली बसता येत नाही, म्हणून हाक. आज दिवसभर सासूबाई तिला सोफ्याला धरून उभं करतायत आणि खाली खेळणं ठेवून बसायला शिकवतायत.