‘पेटंट’ औषध म्हणजे सरकारी पसंती नव्हे

‘बाटलीवर पेटंट लिहिलंय, म्हणजे सरकारने गुण तपासलाय’ हा सांगली-मिरजेच्या बाजारात नेहमीचा समज. साहजिकच आहे, शब्दच भारदस्त.

पण पेटंट म्हणजे शोधावरचा २० वर्षांचा हक्क, आणि त्यासाठी कृती उघड करावी लागते. जुने ‘पेटंट’ औषधवाले नेमकी तीच लपवत. नोंदवत ते फक्त नाव. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियानात एका राज्य सिनेटरने खपवलेल्या अशा ‘पेटंट’ टॉनिकात १२ टक्के अल्कोहोल होतं!

आपल्याकडे आयुर्वेदिक बाटलीवर या शब्दाचा अर्थ एवढाच: घटक ग्रंथांतले, मिश्रण कंपनीचं स्वतःचं.

लेबलवर परवाना क्रमांक, घटकांचं प्रमाण, बॅच, मुदत पाहा. परवाना औषध बनवण्याचा असतो, गुणाचा नव्हे. पेटंटचा दावा असेल तर क्रमांक मागा. तो पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो.