मणक्यातला मॉर्फिन पंप: पात्रता, कागदपत्रं आणि मदतनिधीचा अर्ज

तोंडाने ३०० मिलिग्रॅम मॉर्फिन घेऊन जितकी वेदना शमते, तितकी मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडलेल्या साधारण १ मिलिग्रॅमने शमते. पोटाच्या कातडीखाली पंप बसवतात आणि तिथून बारीक नळी आतूनच मणक्यात नेतात. गोळ्या वाढवूनही कॅन्सरची वेदना हटत नाही, किंवा गुंगी-उलट्यांमुळे त्या वाढवताच येत नाहीत, अशांसाठी हा उपाय आहे.

कायमचा पंप सहसा तीन महिन्यांहून जास्त आयुष्य अपेक्षित असेल तरच बसवतात. नाहीतर नळी बाहेरच्या पंपाला जोडतात. जंतुसंसर्ग असेल किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर थांबावं लागतं. गाठीमुळे मणक्यातलं पाणी अडलं असेल तर औषध पसरत नाही, म्हणून ताजा एमआरआय हवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास पहिल्याच भेटीत सांगा, पण मनाने बंद करू नका.

आधी ट्रायल होते, म्हणजे पंप बसवण्याआधी मणक्यात औषध सोडून फरक पडतो का ते बघतात. वेदना निदान निम्म्याने उतरली तरच पुढे जातात. ‘जरा बरं वाटतंय’ एवढ्यावर डॉक्टरांना ठरवता येत नाही. वहीत वेळ, वेदनेचा ० ते १० मधला आकडा आणि जादा गोळी कधी लागली ते लिहा, रात्री तीनची नोंदसुद्धा.

इस्टिमेट ट्रायलनंतरच घ्या. त्यात पंप, नळी, शस्त्रक्रिया आणि रिफिल (पंपात पुन्हा औषध भरणं) वेगवेगळे लिहून मागा. रिफिलचा खर्च विसरला की घरचे पुढे अडकतात.

पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधीतून कॅन्सरच्या उपचाराला अंशतः मदत मिळते. रुग्णालय सरकारी किंवा निधीच्या यादीतलं हवं. पंतप्रधान कार्यालयाकडे पाठवायच्या अर्जासोबत आजार आणि अंदाजे खर्च नमूद केलेलं मूळ वैद्यकीय प्रमाणपत्र, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाच्या पुराव्याची प्रत आणि दोन पासपोर्ट फोटो जोडा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, ते तपासा. पैसे थेट रुग्णालयाला जातात, म्हणून बिल भरून घरी आल्यावर नव्हे, शस्त्रक्रियेआधीच अर्ज करा.

पंपात २० किंवा ४० मिलिलिटर औषध मावतं. दर एक ते तीन महिन्यांनी ते सुईने भरतात. तारीख चुकली तर वेदना उसळतेच, शिवाय औषध अचानक तुटल्याने घाम, थरथर, जुलाब सुरू होतात. ताप, जखमेतून पाणी, पायांत नवी कमजोरी किंवा लघवी अडणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अतिगुंगी आली, श्वास मंदावला तर त्याच क्षणी.