स्थिर विद्युत आणि ती दाखवणारी उपकरणं

स्थिर विद्युत म्हणजे वस्तूवर साचून राहिलेला विद्युतभार, तारेतून वाहतो तो नव्हे. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो हे सगळ्यांनी शाळेत करून बघितलंय, त्यामुळे त्यात फार शिरत नाही. भार दोन प्रकारचे, सारखे एकमेकांना ढकलतात, विरुद्ध ओढतात, आणि फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोमच्या १७८५ च्या मोजणीनुसार अंतर दुप्पट केलं की जोर चौथा हिस्सा होतो. कपट्यांवर तर भार नसतोच, पण कंगवा जवळ आला की त्यांच्या आतले भार जरासे सरकतात, विरुद्ध भार कंगव्याच्या बाजूला येतो आणि ओढ जिंकते.

'घर्षण विद्युत' हे जुनं नाव तसं फसवंच, कारण दोन वेगळे पदार्थ नुसते टेकवून सुटे केले तरी भार एकावरून दुसऱ्यावर जातो, घासल्याने फक्त जास्त ठिकाणी संपर्क होतो. जातं नेमकं काय, इलेक्ट्रॉन, आयन (भार असलेले अणू) की पदार्थाचेच बारीक कण, ह्यावर अजून एकमत नाही. धातूंच्या बाबतीत इलेक्ट्रॉनचं पारडं जड, प्लॅस्टिकसारख्या निरोधकांत (वीज वाहू न देणाऱ्या पदार्थांत) बहुधा तिन्हींचा कमीजास्त हात असावा. कोणता पदार्थ धन होतो नि कोणता ऋण ह्याची यादी स्वीडिश शास्त्रज्ञ विल्केने १७५७ मध्ये केली होती, पण पृष्ठभाग किती स्वच्छ, हवा किती दमट ह्यावर तिच्यातले क्रम बदलतात, म्हणून ती पाठ करण्यात अर्थ नाही.

स्थिर विद्युतेच्या शोधाचं श्रेय ग्रीक तत्त्वज्ञ थेल्सला द्यायची पद्धत आहे (इ.स.पू. ६०० च्या आसपास), पण त्याचं स्वतःचं लिखाण काहीच उरलेलं नाही, आणि अंबराचा (दगडासारख्या झालेल्या झाडाच्या राळेचा) उल्लेख त्याच्या नावावर सांगणारा डायोजेनीस लेर्शियस त्याच्यानंतर कित्येक शतकांनी झाला, तेव्हा हे जपूनच घ्यावं. तसंही अंबर कस्पटं ओढतो हे बऱ्याच ठिकाणी माहीत असावं, आपल्याकडे त्याला तृणमणी म्हणतात ते उगाच नाही. नीट अभ्यास इंग्लिश डॉक्टर गिल्बर्टपासून, १६०० साली, त्याने टोकावर तोललेली हलकी सुई वापरली, तेच बहुतेक पहिलं विद्युतदर्शी, म्हणजे भार आहे का ते दाखवणारं उपकरण. गेरिकेच्या गंधकाच्या गोळ्याला (वर्णन १६७२) पहिलं विद्युत यंत्र म्हणतात खरं, पण तो त्यात पृथ्वीच्या शक्ती शोधत होता, त्यामुळे हा मान हॉक्सबीच्या फिरत्या काचगोळ्याला देणं जास्त बरं वाटतं.

खरा वाद लेडन जारचा, म्हणजे भार साठवणारी काचेची बाटली आधी कोणाची ह्याचा. पोमेरेनियातल्या फॉन क्लाइस्टने ऑक्टोबर १७४५ मध्ये औषधाच्या बाटलीत खिळा घालून भार साठवला आणि जबरदस्त शॉक खाल्ला, पण बाटली हातात धरणं गरजेचं आहे हे त्याच्या पत्रांमधून नीट कळत नव्हतं, म्हणून इतरांना ते लगेच जमेना. हॉलंडमधल्या लेडनमध्ये प्राध्यापक मुशेनब्रुकच्या मंडळींना तेच १७४६ च्या सुरुवातीला सापडलं, आणि तिथेही म्हणे कुनेअस नावाच्या हौशी माणसामुळे, कारण जाणकार लोक नियमाप्रमाणे बाटली निरोधक स्टँडवर ठेवायचे आणि ह्याला नियमच माहीत नव्हता, त्याने सरळ हातात धरली! तारखेने क्लाइस्ट पुढे आहे, पण कृती दुसऱ्याला करता येईल अशी लिहिली गेली लेडनमधून, आणि नाव तेच चिकटलं. हात म्हणजे बाहेरचा वाहक थर होता, तो जमिनीला जोडलेला, आत खिळा आणि पाणी, मध्ये काच, म्हणजे चक्क कपॅसिटर, दोन वाहकांमध्ये निरोधक ठेवून भार साठवणारा. नंतर हाताच्या आणि पाण्याच्या जागी धातूचा पत्रा आला. फ्रँकलिनने जार सुटा करून भार पत्र्यावर नसून काचेत असतो असं दाखवलं, पण पुढे लक्षात आलं की पत्रे वेगळे करताना भार काचेच्या पृष्ठभागावर उतरतो, ओलसर काचेवर तर सहज, म्हणून तो प्रयोग दिसतो तेवढं सिद्ध करत नाही.

बाकी उपकरणं थोडक्यात. सुवर्णपत्र विद्युतदर्शी बेनेटचं, १७८७ च्या सुमाराचं, त्यात सारखा भार आला की दोन पानं फाकतात. इलेक्ट्रोफोरस व्होल्टाच्या नावावर (१७७५), पण विल्केने तसली रचना १७६२ मध्येच केली होती. त्यात एकदा घासलेल्या राळेच्या चकतीवरून धातूची थाळी पुन्हा पुन्हा भारून घेता येते, फुकट वाटतं पण नाही, दर वेळी ओढीच्या विरुद्ध थाळी उचलायला आपलाच हात राबतो. १८८० च्या दशकातलं विम्सहर्स्ट यंत्र ह्याच प्रवर्तनावर (जवळच्या भाराने न टेकता भार सरकवण्यावर) चालतं, फक्त उलट फिरणाऱ्या दोन चकत्यांनी. व्हॅन डी ग्राफ यंत्रात (१९२९) पट्टा भार पोकळ गोळ्याच्या आत नेऊन सोडतो, आणि आत सोडलेला भार बाहेरच्या पृष्ठभागावर जातो म्हणून गोळा आधीच कितीही भरलेला असला तरी आणखी घेतच राहतो. १९३१ मध्ये अशा यंत्राने सुमारे १५ लाख व्होल्ट गाठले. मर्यादा येते ती हवेमुळे, कोरडी हवा सेंटीमीटरला साधारण ३०,००० व्होल्टला फुटते आणि ठिणगी पडते, आणि दमट दिवशी तर स्टँडवरच्या पाण्याच्या पातळ थरातूनच भार निसटतो, म्हणून प्रयोगाआधी काच आणि स्टँड कोरडे पुसून गरम करून घेतात.