एकांडा शिलेदार (अमेरिकी काँग्रेस)

अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह अशी दोन सभागृहे असलेल्या तिथल्या संसदेत, पक्षाची शिस्त बाजूला सारून स्वतःच्या मताने चालणारा सदस्य. तो एकटा असूनही अध्यक्षाच्या परराष्ट्र धोरणाला अडवू, वळवू किंवा वर्षानुवर्षे बांधून ठेवू शकतो. ते त्याला कसे जमते, हा या नोंदीचा विषय आहे.

इंग्रजीत अशा माणसाला ‘मॅव्हरिक’ म्हणतात. सॅम्युएल मॅव्हरिक (१८०३–१८७०) हे टेक्सासमधले वकील आणि जमीनदार. येणे असलेल्या पैशांपोटी त्यांच्याकडे गुरे आली, पण त्यांच्या अंगावर मालकीचा डाग दिला गेला नाही. रानात बिनडागाचे वासरू दिसले की लोक म्हणत, हे मॅव्हरिकचे असणार. पुढे कोणाचाच डाग न मिरवणाऱ्या राजकारण्याला हा शब्द चिकटला. मराठीतला शब्द मात्र मला जास्त नेमका वाटतो. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई आणि त्यातला एकांडा तर कोणाच्या पथकाशिवाय, एकटाच येई. ज्याचा घोडा त्याचा लगाम. सिनेटरचा घोडा म्हणजे त्याचे राज्य. त्याची मुदत सहा वर्षांची असते, मतदार त्याचे स्वतःचे असतात, निवडणुकीचा पैसा त्याने स्वतः उभा केलेला असतो आणि पक्षाची उमेदवारीही तो आपल्याच राज्यातल्या प्राथमिक निवडणुकीत मिळवतो. अध्यक्ष एकाच पक्षाचा असला तरी त्याचे तिकीट कापू शकत नाही.

भारतीय वाचकाला हे चटकन पटत नाही, कारण आपल्याकडे चित्र अगदी उलटे आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडणाऱ्या खासदाराची खासदारकीच धोक्यात येते आणि परदेशाशी केलेला करार पक्का करायला सहसा संसदेच्या मंजुरीची गरज नसते. त्यामुळे ‘अध्यक्षांनी शब्द दिला आहे’ म्हणजे ‘अमेरिकेने शब्द दिला आहे’ असे दिल्लीत सहज धरले जाते. हे समीकरण किती कच्चे आहे, ते तारापूरच्या प्रकरणात दिसले. त्याची हकिकत पुढे येईल.

हत्यारे

राज्यघटनेने परराष्ट्र व्यवहाराची सूत्रे एका हाती दिलेली नाहीत. तह अध्यक्ष करतो, पण सिनेटमधल्या हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांशांनी संमती दिल्याशिवाय तो पक्का होत नाही. राजदूत अध्यक्ष नेमतो, पण नेमणुकीला सिनेटचा होकार लागतो. युद्ध पुकारणे, परदेशी व्यापाराचे नियमन आणि तिजोरीच्या किल्ल्या काँग्रेसकडे आहेत. दोन तृतीयांशांची अट असली की विरोधकाला बहुमत जमवावेच लागत नाही, एक तृतीयांशाहून एखादे मत जास्त मिळवले तरी पुरते.

त्याहून मोठे बळ सिनेटच्या रोजच्या रिवाजात आहे. तिथले बरेचसे कामकाज ‘एकमताने संमती’ घेऊन उरकले जाते. एका सदस्याने जरी ‘माझी हरकत आहे’ म्हटले, तरी तेच काम लांबच्या वाटेने न्यावे लागते आणि त्यात दिवस, कधी आठवडे जातात. अशी हरकत घेणार असल्याचे आधीच कळवून प्रकरण थोपवण्याला ‘होल्ड’ म्हणतात. मे २०२२ मध्ये केंटकीचे रँड पॉल यांनी युक्रेनच्या सुमारे ४० अब्ज डॉलरच्या मदतीवर अशीच हरकत घेतली. दोन्ही पक्षांचे नेते मदतीच्या बाजूने होते, तरी विधेयक आठवडाभर अडले आणि मग ८६ विरुद्ध ११ मतांनी संमत झाले. मदत त्यांना रोखता आली नाही, वेळ मात्र त्यांनी घेतला. युद्धात एक आठवडा ही थोडी गोष्ट नव्हे.

आणि समितीचे अध्यक्षपद हाती आले, तर एकांड्या शिलेदाराला गडच मिळाल्यासारखे होते.

आयडाहोचा सिंह

विल्यम बोरा १९०७ पासून १९४० मध्ये मृत्यू येईपर्यंत आयडाहोचे सिनेटर होते. पक्ष रिपब्लिकन, पण रिपब्लिकन अध्यक्षांनाही त्यांचा भरवसा नसे. बोरांना घोड्यावरून रपेट करण्याचा नाद होता. घोडा आणि बोरा एकाच दिशेने चाललेले पाहून अध्यक्ष कूलिज यांना नवल वाटले, असा किस्सा सांगितला जातो.

पहिल्या महायुद्धानंतर वुड्रो विल्सन व्हर्सायचा तह आणि राष्ट्रसंघाची कल्पना घेऊन परतले, तेव्हा सिनेटमधल्या काही जणांनी ठरवले की दुरुस्त्या केल्या तरी हा तह नको. या ‘कट्टर विरोधकां’चे बोरा हे पुढारी. तहाला अटींसह होकार द्यायला तयार असलेला गट मोठा होता, विल्सन यांच्या मागचा गटही मोठा होता आणि विल्सन अटी मान्य करायला तयार नव्हते. या दोहोंच्या फटीत बोरांचा लहान गट पाय रोवून उभा राहिला. १९ मार्च १९२० च्या अखेरच्या मतदानात ४९ मते तहाच्या बाजूने आणि ३५ विरोधात पडली. दोन तृतीयांशांना सात मते कमी पडली. ज्या राष्ट्रसंघाची कल्पना अमेरिकी अध्यक्षाने लावून धरली, त्यात अमेरिका कधीच गेली नाही.

बोरांना नुसते अडवणारे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर १९२० मध्ये त्यांनीच ठराव मांडला, की अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांनी आरमार बांधणीचा खर्च निम्म्यावर आणावा. नवे अध्यक्ष हार्डिंग यांना ते फारसे रुचले नव्हते, पण लोकमत बोरांच्या मागे गेले आणि नोव्हेंबर १९२१ मध्ये वॉशिंग्टनची नाविक परिषद भरली. सोव्हिएत रशियाला मान्यता द्यावी, हेही ते एकामागून एक आलेल्या अध्यक्षांना बजावत राहिले. १९३३ मध्ये ती मान्यता मिळाली.

त्यांची मोठी चूकही इथे नोंदवायला हवी. जुलै १९३९ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सिनेटच्या पुढाऱ्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून तटस्थतेचा कायदा (लढणाऱ्या देशांना शस्त्रे विकायला बंदी घालणारा) शिथिल करण्याची गळ घातली. परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी आपल्या खात्याकडे येणाऱ्या तारांचा हवाला दिला. बोरांनी सांगितले, की युरोपात यंदा युद्ध होणार नाही, आणि माझी माहिती तुमच्या खात्यापेक्षा खात्रीची आहे. उपाध्यक्ष गार्नर यांनी हजर असलेल्यांचा कानोसा घेतला आणि रूझवेल्ट यांना सांगितले, की तुमच्याकडे मते नाहीत. सहा आठवड्यांनी जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या.

दोन मते

संख्येच्या हिशेबात न मावणारे उदाहरण वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग यांचे. ७ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखाताचा ठराव आला. व्हिएतनाममध्ये बळ वापरायची मोकळीक लिंडन जॉन्सन यांना या ठरावाने मिळणार होती. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. ती दोन मते ऑरेगनचे मोर्स आणि अलास्काचे ग्रुएनिंग यांची. मोर्स आधी रिपब्लिकन, मग अपक्ष, मग डेमोक्रॅट झालेले, म्हणजे अक्षरशः डाग न टिकणारे. त्या दिवशी जॉन्सन यांचे काहीच अडले नाही. पण युद्ध लांबले, तसे लोक त्या दोन मतांकडे वळून पाहू लागले. दोघांनीही १९६८ मध्ये जागा गमावल्या. ठराव १९७१ मध्ये रद्द झाला.

समितीच्या खुर्चीतून

नॉर्थ कॅरोलायनाचे जेसी हेल्म्स १९९५ ते २००१ या काळात सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष होते. खुर्चीचा वापर त्यांच्याइतका निष्ठुरपणे क्वचितच कोणी केला असेल. १९९७ मध्ये बिल क्लिंटन यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांना मेक्सिकोत अमेरिकेचे राजदूत म्हणून नेमायचे ठरवले. वेल्ड हेल्म्स यांच्याच पक्षाचे. पण औषध म्हणून गांजा वापरू द्यावा असे वेल्ड यांचे मत होते आणि अमली पदार्थांच्या वाटेवरच्या देशात असा राजदूत नको, असे हेल्म्स म्हणाले. वेल्ड यांनी या लढ्यासाठी गव्हर्नरपद सोडले. इतर सदस्यांनी समितीची बैठक मागितली, तेव्हा १२ सप्टेंबरला हेल्म्स यांनी बैठक भरवली खरी, पण वेल्ड हा विषयच घेऊ दिला नाही. आजवर किती नेमणुका समितीत अशाच पडून राहिल्या, त्यांचा पाढा वाचून त्यांनी बैठक संपवली. तीन दिवसांनी वेल्ड यांनी माघार घेतली. मतदान झालेच नाही, कारण ते होऊ द्यायचे की नाही हे एका माणसाच्या हातात होते.

अणुचाचणीबंदीच्या सर्वंकष करारावर क्लिंटन यांनी सप्टेंबर १९९६ मध्ये सही केली. हेल्म्स यांनी तो दोन वर्षे समितीत दाबून ठेवला. मग अचानक घाईने मतदान ठरले आणि १३ ऑक्टोबर १९९९ रोजी ४८ विरुद्ध ५१ मतांनी तो पडला. पोखरणनंतर याच करारावर सही करा म्हणून वॉशिंग्टन भारताच्या मागे लागले होते. स्वतःच्याच सिनेटने तो नाकारल्यावर त्या आग्रहातला जोर गेला.

तारापूरचे इंधन

मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईच्या उत्तरेला, पालघर जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या) समुद्रकाठी आहे. तारापूरच्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकने बांधल्या आणि १९६९ मध्ये त्यांची वीज महाराष्ट्र-गुजरातला मिळू लागली. त्या समृद्ध युरेनियमवर चालतात. ते भारत तेव्हा स्वतः बनवत नव्हता. ३० वर्षे इंधन अमेरिका पुरवील, असा करार १९६३ मध्ये झाला होता.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिला स्फोट झाला. मार्च १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अणुप्रसारबंदीचा कायदा केला. आपल्या सगळ्या अणुकेंद्रांची आंतरराष्ट्रीय तपासणी जो देश मान्य करणार नाही, त्याला दोन वर्षांच्या सवलतीनंतर इंधन देऊ नये, असे त्यात होते. जिमी कार्टर यांनी या कायद्यावर आनंदाने सही केली. तो घडवणाऱ्यांत ओहायोचे सिनेटर जॉन ग्लेन होते. १९६२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला अमेरिकी तो हाच. ग्लेन एरवी शिस्तीचे, मवाळ डेमोक्रॅट. एकांडे झाले ते या एका प्रश्नावर.

१९८० मध्ये गणित बदलले. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात होत्या, इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या होत्या आणि कार्टर यांना दिल्ली दुरावायची नव्हती. तारापूरसाठी ३८ टन इंधन पाठवायचा प्रश्न पुढे आला. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने मे महिन्यात एकमताने नकार दिला. जूनमध्ये कार्टर यांनी खास आदेश काढून तो बाजूला सारला. आता दोन्ही सभागृहांनी नापसंतीचा ठराव केला, तरच आदेश अडणार होता.

ग्लेन स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध उभे राहिले, तेही निवडणूक दोन महिन्यांवर असताना. त्यांचा मुद्दा साधा होता. पहिल्याच कसोटीला सूट दिली, तर हा कायदा कोण मानील? दुसऱ्या बाजूचा मुद्दाही वजनदार होता. इंधन बंद केले तर करार आपणच मोडला असे होईल, आणि मग वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करून बॉम्बला चालणारे प्लुटोनियम काढायला भारत मोकळा होईल. १८ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने कार्टर यांना २९८ विरुद्ध ९८ असे नाकारले. २४ सप्टेंबरला सिनेटमध्ये नापसंतीचा ठराव ४६ विरुद्ध ४८ असा पडला. दोन सिनेटर जरी फिरले असते, तरी इंधन अडले असते.

त्या दिवशी ग्लेन हरले, पण कायदा जागेवरच राहिला. पुढच्या खेपांसाठी तोच आडवा येत राहिला. शेवटी जुलै १९८२ मध्ये रोनाल्ड रेगन आणि इंदिरा गांधी यांनी तोड काढली, की करार अमेरिकेशीच राहावा आणि इंधन फ्रान्सने द्यावे. एका मतदानात हरलेला सिनेटर आपल्या कायद्याच्या जोरावर असा जिंकू शकतो. अध्यक्षांच्या दृष्टीने एकांड्या शिलेदाराचे हेच हत्यार सर्वांत अवघड, असे मला वाटते. होल्ड उठतो, समितीचा अध्यक्ष बदलतो, पण कायद्यातले कलम पुढच्या चार अध्यक्षांना पुरते.

अशा कलमांची उदाहरणे आणखी आहेत. सिनेटर हेन्री जॅक्सन यांनी अध्यक्ष निक्सन आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर यांचा विरोध असताना सोव्हिएत व्यापाराची सवलत ज्यूंना देश सोडू देण्याशी जोडली. जानेवारी १९७५ मध्ये कायदा झालेले ते कलम, सोव्हिएत संघच उरला नाही तरी, रशियापुरते डिसेंबर २०१२ पर्यंत टिकले.

ग्लेन यांचे नाव असलेल्या दुरुस्तीने १९९४ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. अणुस्फोट करणाऱ्या देशावर अध्यक्षांनी निर्बंध लादलेच पाहिजेत, आणि माफीची मुभा अध्यक्षांना जवळजवळ नाहीच. मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले, तेव्हा क्लिंटन यांच्यापुढे पर्यायच नव्हता. मदत, लष्करी विक्री, सरकारी कर्जहमी बंद झाली. सुमारे दोन आठवड्यांनी पाकिस्ताननेही स्फोट केले आणि निर्बंध त्यालाही लागले. मग अमेरिकेतल्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या लक्षात आले, की पाकिस्तानचे मोठे गिऱ्हाईक हातचे जाते आहे. जुलैमध्ये धान्यखरेदीच्या कर्जहमीला कायद्याने सूट मिळाली. ऑक्टोबरमध्ये कॅन्ससचे सिनेटर सॅम ब्राउनबॅक यांच्या दुरुस्तीने क्लिंटन यांना बरेचसे निर्बंध वर्षभरापुरते स्थगित करण्याची मुभा मिळाली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ७७ वर्षांचे ग्लेन ‘डिस्कव्हरी’ यानातून पुन्हा अवकाशात गेले. जानेवारी १९९९ मध्ये ते सिनेटमधून निवृत्त झाले. भारतावर उरलेले निर्बंध २२ सप्टेंबर २००१ रोजी जॉर्ज बुश यांनी उठवले.